धुराची मर्यादा आणि मर्यादेचा बाजार

हवामानाच्या प्रश्नाची चर्चा आतां शास्त्रज्ञांच्या परिषदांतून बाहेर पडून वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर येऊन बसली आहे, आणि तिच्याबरोबर एक नवा शब्दसमूहही आमच्या भाषेंत शिरला आहे. ‘कार्बन-बाजार’, ‘कार्बन-क्रेडिट’, ‘उत्सर्जन-व्यापार’ हे शब्द वाचकांच्या नजरेखालून वरचेवर जातात. परंतु त्यांमागची कल्पना कोणती, ती कोणाच्या विचारांतून निघाली, आणि मुख्य म्हणजे ती धूर खरोखर कमी करते कीं नुसता त्याचा जमाखर्च मांडते, याचा विचार मराठींत फारसा झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्यांनीं या कल्पनेची तरफदारी केली त्यांनीं ती बाजाराची किमया म्हणून वाखाणिली. ज्यांनीं तिचा धिक्कार केला त्यांनीं ती पापाची विक्री म्हणून झिडकारली. ज्या ग्रंथांतून ती निघाली ते ग्रंथ मात्र दोन्ही पक्षांनीं बाजूस ठेवले. प्रस्तुत लेखांत ते ग्रंथ पुढें घेऊन त्यांची पारख करावी, आणि त्यांतील विधानें व्यवहाराच्या कसोटीस कितपत उतरलीं तें पाहावें, असा आमचा हेतु आहे.

हा उद्योग हातीं घेण्यास एक लहानसें निमित्तही घडलें. पदवीच्या वर्गास अर्थशास्त्र शिकवीत असतां आम्ही याच विषयाचें विवेचन करीत होतों. फळ्यावर दोन कारखान्यांचें उदाहरण मांडून झालें, बेरजा जुळल्या, आणि मागील बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें धूर सोडावा, असाच ना याचा अर्थ?” आम्हीं कांहीं उत्तर दिलें, परंतु तास संपल्यावर तें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटूं लागलें. प्रश्न सोपा होता, आणि सोप्या प्रश्नास परिभाषेच्या आड दडून उत्तर देणें हा आम्हां शिक्षकांचा जुना दोष आहे. तो दोष येथें शक्य तितका टाळण्याचें योजिलें आहे.

या विचाराची वंशावळ तीन पिढ्यांची आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनीं 1920 सालीं ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ हा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. आगगाडीच्या इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्यांनीं आसपासचीं वनें जळालीं, तर ती हानि रेल्वे कंपनीच्या हिशेबवहींत कोठेंच उमटत नाहीं. ती परक्याच्या माथीं बसते, आणि म्हणून कंपनी समाजाच्या हिताहून अधिक गाड्या सोडते, असें त्यांनीं दाखविलें. यावर उपाय म्हणून, जो हानि करतो त्याच्यावर तितका कर बसवावा, म्हणजे परक्याचा खर्च त्याचा स्वतःचा खर्च होईल, हा विचार पुढें त्यांच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. पिगूंची दृष्टि न्यायाधीशाची आहे: अपराधी कोण तें त्यांना ठाऊक आहे, प्रश्न फक्त दंडाच्या रकमेचा.

चाळीस वर्षांनीं, 1960 मध्यें, रोनल्ड कोस यांनीं ‘द प्रॉब्लेम ऑफ सोशल कॉस्ट’ हा दीर्घ निबंध लिहून या दृष्टीलाच आव्हान दिलें. कोस म्हणतात कीं, हानि ही नेहमीं दुहेरी असते. गुरें शेतांत शिरतात तेव्हां गुरांमुळें पिकाचें नुकसान होतें हें जितकें खरें, तितकेंच, पिकाच्या रक्षणासाठीं गुरें आवरलीं तर गुराख्याचें नुकसान होतें हेंही खरें. हक्क कोणाचा हें एकदां निश्चित असलें, आणि वाटाघाटींस कांहीं खर्च पडत नसला, तर दोघे मिळून असा तोडगा काढतील कीं ज्यांत एकूण हानि कमींत कमी होईल. कोस यांच्या अनुयायांनीं या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा उचलला आणि ‘वाटाघाटींस खर्च पडत नसला तर’ ही अट गाळून टाकली. खुद्द कोस यांचा सारा भर त्या अटीवरच होता. एका चिमणीचा धूर लाखों माणसांच्या श्वासांत जातो. ते लाखों लोक कारखानदाराशीं सौदा करावयास कोठें व कसे जमणार? तेव्हां कोस यांच्या निबंधानें प्रश्न अधिक तीक्ष्ण केला, पण धुरापुरतें उत्तर दिलें नाहीं.

तें उत्तर टोरांटो विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञ जॉन डेल्स यांच्या ‘पोल्यूशन, प्रॉपर्टी अँड प्राइसेस’ या 1968 सालच्या छोटेखानी पुस्तकांत आढळतें. न्यायाच्या दृष्टीनें येथें सांगितलें पाहिजे कीं, टॉमस क्रॉकर यांनीं हवेच्या बाबतींत हाच विचार 1966 मध्यें मांडला होता. परंतु कल्पनेस सर्वांना समजेल असें रूप डेल्स यांनींच दिलें. त्यांचा विषय पाण्याचा आहे. कॅनडांतील सरोवरांत व नद्यांत कारखाने व नगरें जी घाण सोडतात तिचें काय करावें? डेल्स यांचें म्हणणें असें: त्या प्रदेशाच्या मंडळानें वर्षाला एकूण किती घाण सोडूं द्यावयाची तो आंकडा प्रथम ठरवावा, त्या आंकड्याइतकेच हक्क निर्माण करावे, ज्याला घाण सोडावयाची असेल त्यानें ते विकत घ्यावे, आणि पुढें ते हक्क ज्याचे त्यानें वाटेल त्याला विकावे. किंमत मंडळानें ठरवूं नये, ती बाजारांत आपोआप ठरेल. पिगूंच्या योजनेंत सरकार किंमत ठरवितें आणि घाण किती होईल तें बाजारावर सोडतें. डेल्स यांच्या योजनेंत सरकार घाणीचें परिमाण ठरवितें आणि किंमत बाजारावर सोडतें. उलटापालट एवढीच, परंतु तिचे परिणाम फार दूरवर पोंचले.

पुस्तक म्हणून या ग्रंथाचा मोठा गुण त्याचा प्रामाणिकपणा आहे. त्यांत गणिताचा बडिवार नाहीं. कोणाही सुशिक्षितास एका बैठकींत वाचून होईल अशा भाषेंत तें लिहिलें आहे. आणि मुख्य म्हणजे, एकूण घाण किती असावी हा आंकडा बाजार सांगूं शकेल असा दावा डेल्स कोठेंही करीत नाहींत. तो आंकडा राज्यकर्त्यांनींच, म्हणजे अखेर नागरिकांनींच ठरवावयाचा आहे, हें त्यांनीं मान्य केलें आहे. त्यांच्यानंतर आलेल्या पुष्कळ बाजारभक्तांस या कबुलीचा विसर पडला. ग्रंथाच्या नांवांतील तीन शब्दांपैकीं ‘मालमत्ता’ व ‘किंमत’ हे दोनच त्यांच्या लक्षांत राहिले.

ही योजना धूर कशी कमी करते तें एका उदाहरणानें स्पष्ट करूं. फळ्यावरचें उदाहरण तें हेंच. दोन कारखाने आहेत, आणि प्रत्येक वर्षाला 500 टन धूर सोडतो. पहिल्याचें यंत्र असें आहे कीं त्याला एक टन धूर कमी करण्यास 200 रुपये लागतात. दुसऱ्याला 800 रुपये. सरकारनें एकूण मर्यादा 900 टनांची ठरविली आणि प्रत्येकास 450 टनांचीं अनुज्ञापत्रें दिलीं. देवघेव मना असेल तर प्रत्येकानें 50 टन कमी करावयाचे; पहिल्याचा खर्च 10,000 रुपये, दुसऱ्याचा 40,000, एकूण 50,000. देवघेव मोकळी असेल तर पहिला कारखाना 100 टन कमी करील आणि आपलीं 50 अनुज्ञापत्रें दुसऱ्यास, समजा, 500 रुपये दरानें विकील. त्याचा खर्च 20,000, विक्रीचें उत्पन्न 25,000. दुसऱ्याचे 40,000 ऐवजीं 25,000 वर भागलें. समाजाचा खरा खर्च 50,000 वरून 20,000 वर आला. परंतु धूर? तो दोन्ही वेळां अगदीं तितकाच, 100 टनांनीं, कमी झाला.

या शेवटच्या वाक्यांत साऱ्या विषयाचें मर्म आहे. धूर कमी केला तो मर्यादेनें. बाजारानें फक्त तें काम स्वस्त केलें. स्वस्त करणें ही लहान गोष्ट नाहीं, कारण जें काम स्वस्त होतें त्याची मर्यादा पुढच्या खेपेस अधिक कडक करण्यास राज्यकर्त्यांस धीर येतो. तथापि ‘बाजारानें उत्सर्जन घटविलें’ हें विधान, जमाखर्चाच्या वहीनें कर्ज फेडलें असें म्हणण्यासारखें आहे.

आतां अनुभवाकडे वळूं. या कल्पनेची पहिली भव्य परीक्षा कार्बनवर न होता गंधकाच्या धुरावर झाली. अमेरिकेंत कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूमुळें आम्लाचा पाऊस पडून तळीं व अरण्यें मरत होतीं. 1990 मध्यें तेथील शुद्ध हवेच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि 1980 च्या मानानें गंधक वायूचें उत्सर्जन 1 कोटी टनांनीं कमी करण्याचें ठरलें. 1995 पासून पहिल्या टप्प्यांत 110 केंद्रें या बंधनाखालीं आलीं, 2000 पासून बहुतेक सर्व. प्रत्येक चिमणीवर सतत चालणारें मापकयंत्र बसविणें भाग पडलें. वर्षाअखेर जितके टन तितकीं अनुज्ञापत्रें हजर न केल्यास दर टनास 2,000 डॉलर दंड, आणि शिवाय तितकीं अनुज्ञापत्रें पुढच्या वर्षाच्या वांट्यांतून वजा. अनुज्ञापत्राची बाजारांतील किंमत पहिल्या कांहीं वर्षांत शंभर-दोनशे डॉलरांच्या आसपास होती. तेव्हां चुकविण्यापेक्षां पाळणें उघडच स्वस्त होतें. परिणाम असा झाला कीं, 1980 मध्यें वीजकेंद्रांतून जो वायू सुमारें 1 कोटी 73 लक्ष टन निघत होता, तो 2010 साठीं ठरविलेल्या 89.5 लक्ष टनांच्या मर्यादेखालीं 2007 मध्येंच, तीन वर्षें आधीं उतरला. या यशांत आगगाड्यांच्या भाड्यांवरील निर्बंध 1980 मध्यें उठल्यामुळें पश्चिमेकडील कमी गंधकाचा कोळसा स्वस्तांत पूर्वेस येऊं लागला, याचाही मोठा वाटा आहे, आणि टीकाकारांनीं तो दाखवून दिला तें बरोबरच आहे. मात्र हा कोळसा घ्या कीं धूर धुण्याचें यंत्र बसवा, हें ज्याचें त्यानें ठरवावें अशी मोकळीक त्या कायद्यानें दिली होती, म्हणूनच स्वस्त मार्गाचा फायदा घेतां आला, हेंही विसरतां येत नाहीं.

या कायद्यांतील एका कलमाकडे भाषेच्या अभ्यासकांनीं अवश्य लक्ष द्यावें. डेल्स यांनीं ‘मालमत्ता’ हा शब्द ग्रंथाच्या कपाळावर लिहिला. अमेरिकन कायद्यानें मात्र स्पष्ट म्हटलें कीं, हें अनुज्ञापत्र म्हणजे अमुक इतका वायू सोडण्याची मर्यादित परवानगी आहे, तो मालमत्तेचा हक्क नाहीं, आणि सरकारला ती परवानगी मर्यादित करण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार राखून ठेवलेला आहे. तत्त्वज्ञाच्या शब्दापेक्षां कायदा करणाराचा शब्द येथें अधिक नेमका ठरला. हवा कोणाच्या बापाची नाहीं, ही जी सामान्य माणसाची समजूत, तिच्याशीं हें कलम जुळतें. आम्हींही वर ‘हक्क’ हा शब्द डेल्स यांच्यापुरताच वापरून पुढें ‘अनुज्ञापत्र’ हा शब्द घेतला, त्याचें कारण हेंच.

कार्बनच्या बाबतींत मोठा प्रयोग युरोपांत झाला. 2003 च्या निर्देशाप्रमाणें तेथील संघराज्यांची व्यवस्था 1 जानेवारी 2005 रोजीं सुरू झाली. तिचीं पहिलीं वर्षें हा डेल्स यांच्या ग्रंथावरचा एक कटु पण उपयुक्त भाष्यग्रंथच आहे. प्रत्येक देशानें आपापल्या कारखान्यांना अनुज्ञापत्रें सढळ हातानें वांटलीं. खरें उत्सर्जन किती याचे आंकडे एप्रिल 2006 मध्यें बाहेर आले, आणि वांटलेलीं पत्रें त्याहूनही अधिक निघालीं, तेव्हां 30 युरोच्या आसपास असलेली किंमत थोड्याच दिवसांत निम्म्यावर कोसळली. 2007 च्या अखेरीस ती जवळजवळ शून्य झाली. मर्यादाच जेथें सैल, तेथें बाजार कितीही चोख असला तरी तो विकणार काय? दुसरी गोष्ट अधिक बोचरी होती. वीजकंपन्यांस पत्रें फुकट मिळालीं होतीं, तरी त्यांची बाजारांतील किंमत त्यांनीं विजेच्या दरांत धरली आणि ग्राहकांकडून आयता नफा उकळला. हवा सर्वांची, आणि तिचें भाडें मात्र कंपनीच्या तिजोरींत, असा हा प्रकार झाला.

युरोपाची स्तुति करावयाची ती यासाठीं कीं, त्यांनीं चुका लपविल्या नाहींत आणि योजना टाकूनही दिली नाहीं. 2013 पासून देशोदेशींचे वांटे जाऊन संघाची एकच मर्यादा आली, ती दर वर्षीं 1.74 टक्क्यांनीं उतरूं लागली, आणि वीजकंपन्यांस बहुतांशीं लिलावांतच पत्रें घ्यावीं लागलीं. तरीही 2008 च्या मंदीमुळें सांचलेल्या शिलकीनें 2013 मध्यें किंमत 5 युरोच्या खालीं गेली. तेव्हां शिल्लक आंखडून धरणारी राखीव गंगाजळी 2019 पासून सुरू करण्यांत आली. 2023 मध्यें नियम आणखी कडक होऊन 2024 पासूनची वार्षिक घट 4.3 टक्के व 2028 पासून 4.4 टक्के ठरली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत किंमतीनें प्रथमच 100 युरोचा टप्पा ओलांडला. बंधनाखालील वीजकेंद्रें व कारखाने यांचें 2023 चें उत्सर्जन 2005 च्या मानानें सुमारें 47 टक्क्यांनीं कमी होतें. हें सारें श्रेय या एकाच योजनेचें नाहीं. वारा व ऊन यांपासून होणाऱ्या विजेस दिलेलें साहाय्य, मंदी, वायूचे दर हीं कारणें आहेतच. परंतु बायर व अक्लिन या दोन संशोधकांनीं 2020 मध्यें जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत पत्रांचे भाव पडलेले असतांही 2008 ते 2016 या काळांत ही व्यवस्था नसती तर जें उत्सर्जन झालें असतें त्याहून सुमारें 120 कोटी टन कमी झालें, असा निष्कर्ष त्यांनीं काढला आहे. उद्यां मर्यादा आवळली जाणार हें ज्या कारखानदारास पटलें, तो आजच्या स्वस्ताईला भुलत नाहीं, असें आम्ही यावरून समजतों.

येथवर हिशेबाची बाजू झाली. आतां नीतीची. हार्वर्डचे तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनीं 1997 मध्यें, क्योटोच्या परिषदेच्या वेळीं, प्रदूषणाचा हक्क विकत घेणें अनीतीचें आहे अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख वृत्तपत्रांत लिहिला, आणि 2012 च्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या ग्रंथांत त्याच विचाराचा विस्तार केला. त्यांच्या विवेचनाचा कणा म्हणजे दंड व शुल्क यांतील भेद. दंडांत निषेध असतो, शुल्कांत नसतो. हैफा येथील बालसंगोपनगृहांचें उदाहरण त्यांनीं उपयोगांत आणलें आहे. मुलांस नेण्यास उशीर करणाऱ्या आईबापांवर तेथें दंड बसविला, तेव्हां उशीर कमी होण्याऐवजीं वाढला. कारण जी गोष्ट पूर्वीं शिक्षिकेस ताटकळत ठेवल्याची लाज होती, ती आतां पैसे देऊन घेतलेली सोय झाली. धुराचेंही तसेंच होईल, लाज नष्ट होईल, आणि ज्या त्यागांत सर्वांनीं वांटा उचलावयाचा तो श्रीमंत राष्ट्रें दुसऱ्याकडून विकत घेतील, अशी सँडेल यांची भीति आहे. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तो हाच.

आम्हां भारतीयांस हा वाद अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. महामहोपाध्याय काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडांत प्रायश्चित्तांचें विस्तृत विवेचन केलें आहे. बारा दिवसांचें प्राजापत्य कृच्छ्र ज्याला झेपत नाहीं त्यानें एक गाय द्यावी, आणि गाय नसेल तर तिचें मूल्य द्यावें, अशी सोय पुढील निबंधकारांनीं केली. तिला ‘प्रत्याम्नाय’ म्हणतात. देहाच्या तपाचें रूपांतर हळूहळू द्रव्यांत होत गेलें. सँडेल यांचा आक्षेप प्रत्याम्नायाला जसाच्या तसा लागू पडतो: धनिकास उपवास उरला नाहीं. पण मर्यादेच्या योजनेला तो तितकाच लागू पडतो काय? आमच्या मतें नाहीं, आणि तो भेद महत्त्वाचा आहे. प्रत्याम्नायांत एकानें द्रव्य दिल्यानें दुसऱ्या कोणाला उपवास घडत नाहीं. मर्यादेच्या योजनेंत मात्र जो कोणी एक पत्र विकत घेतो, त्याच्यासाठीं दुसऱ्या कोणीतरी एक टन धूर खरोखर सोडण्याचें टाळलेलें असावें लागतें. एकूण उपवासांची संख्या ठरलेली आहे. कोणी किती करावे एवढीच देवघेव आहे.

तथापि सँडेल यांचा आक्षेप एवढ्यानें संपत नाहीं. दोन ठिकाणीं तो बिनतोड आहे. पहिलें ठिकाण असें: मर्यादा ही जशी छत आहे तशी ती नकळत जमीनही होऊन बसते. एखाद्या गांवानें स्वखुषीनें वीज वाचविली, तर वीजकेंद्राकडे पत्रें शिल्लक पडतात आणि तीं घेऊन दुसरा कोणी तितकाच धूर सोडतो. सद्गुणी माणसाचा संयम अशा रीतीनें बेदरकार माणसाच्या उपयोगीं पडतो. यावर उपाय आहेत: किंमतीला तळ घालणें, जसा कॅलिफोर्नियानें आपल्या योजनेंत घातला, शिल्लक पत्रें रद्द करणें, जसें युरोपानें चालविलें आहे, आणि अमेरिकेच्या गंधकाच्या लिलावांत कांहीं संस्थांनीं व विद्यार्थ्यांनीं केलें तसें पत्रें विकत घेऊन तीं कायमचीं गाडून टाकणें. परंतु हे उपाय बाहेरून जोडावे लागतात. मूळ कल्पनेंत सद्गुणाला जागा नाहीं, ही उणीव डेल्स यांच्या पक्षानें कबूल केली पाहिजे.

दुसरें ठिकाण ‘क्रेडिट’चें. आमचीं वर्तमानपत्रें ‘अनुज्ञापत्र’ व ‘क्रेडिट’ या दोहोंस एकच ‘कार्बन-क्रेडिट’ म्हणतात, आणि साऱ्या गोंधळाचें मूळ तेथें आहे. अनुज्ञापत्र हा ठरलेल्या एकूण मर्यादेचा एक तुकडा असतो. क्रेडिट हें मर्यादेबाहेरच्या कोणीतरी ‘आम्ही एरवीं इतका धूर सोडला असता, तो सोडला नाहीं’ असें म्हटल्यावरून नवें निर्माण केलेलें असतें. ‘एरवीं’ काय झालें असतें हें कोणीं पाहिलें आहे? क्योटो कराराखालीं शीतकारी वायू बनविणाऱ्या चीन व भारत येथील कारखान्यांस, त्या उत्पादनांत आनुषंगिक निघणारा एचएफसी-23 हा वायू जाळून टाकल्याबद्दल क्रेडिटें मिळत. या वायूचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या 11,700 टनांबरोबर धरला जाई. जाळण्याचा खर्च किरकोळ, क्रेडिटांचें उत्पन्न अवाढव्य. तेव्हां कांहीं कारखाने जाळण्यासाठींच तो वायू अधिक निर्माण करतात अशी रास्त शंका उत्पन्न झाली, आणि 2013 च्या मे महिन्यापासून युरोपानें हीं क्रेडिटें घेण्याचें बंद केलें. येथें प्रत्याम्नायाची उपमा पूर्णपणें लागू पडते. किंबहुना येथें प्रायश्चित्ताच्या दक्षिणेसाठीं पाप वाढविलें गेलें.

ही चर्चा आम्हांस दूरची नाहीं. भारतानें 2022 मध्यें ऊर्जासंवर्धनाच्या कायद्यांत दुरुस्ती केली आणि जून 2023 मध्यें कार्बन-क्रेडिट-व्यापाराची योजना अधिसूचित केली. तिच्यांत मर्यादा एकूण धुरावर घातलेली नाहीं. ती दर टन मालामागें किती धूर, यावर आहे. चीनची 2021 मध्यें सुरू झालेली राष्ट्रीय योजनाही याच घडणीची. वाढत्या उद्योगाच्या देशानें हा मार्ग कां धरला तें समजतें. पण हिशेब लक्षांत ठेवावा: दर टनामागें धूर 10 टक्क्यांनीं घटला आणि माल 30 टक्क्यांनीं वाढला, तर एकूण धूर 17 टक्क्यांनीं वाढतो. यास काटकसर म्हणतां येईल, मर्यादा म्हणतां येणार नाहीं. ज्यांना या योजनेंत डेल्स यांचा विजय दिसतो, त्यांनीं डेल्स पुन्हां वाचावेत.

उलट, खऱ्या मर्यादेचा एक धडा शेजारच्याच सुरतेंत मिळतो. तेथें 2019 मध्यें गुजरातच्या प्रदूषण-नियंत्रण मंडळानें, कार्बनसाठीं नव्हे तर चिमण्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांसाठीं, मर्यादा व देवघेवीची योजना सुरू केली. सुमारें 300 कारखाने चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटास बाजार, दुसऱ्यास जुनाच नियम. ग्रीनस्टोन, पांडे, रायन व सुदर्शन या संशोधकांच्या अभ्यासांत बाजाराच्या गटाचें उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनीं कमी आढळलें. यांतील खरी क्रांति आमच्या मतें मापकयंत्राची आहे. पूर्वीं निरीक्षक यावयाचा, पाहावयाचा, आणि कागद भरला जावयाचा. आतां चिमणी स्वतःच आपला हिशेब सांगूं लागली. मूळ प्रस्तावांत गुजरात व तामिळनाडूबरोबर महाराष्ट्राचेंही नांव होतें, याची आठवण येथें दिल्यावांचून राहवत नाहीं.

एक मर्यादा मात्र या योजनेची स्वतःची आहे. कार्बन वायू कोठेंही सुटो, तो पृथ्वीच्या वातावरणांत सारखा मिसळतो. म्हणून एका गांवीं वाढून दुसऱ्या गांवीं घटला तरी जगाच्या दृष्टीनें फरक नाहीं. पण कोळशाच्या चिमणींतून कार्बनबरोबर राख व कणही निघतात, आणि ते शेजाऱ्याच्या अंगणांत पडतात. चंद्रपूरच्या रहिवाशास ‘तुमच्या येथें वाढलें तें दुसरीकडे कमी झालें आहे’ हें सांगून चालणार नाहीं. देवघेवीच्या योजनेशेजारीं स्थानिक हवेचा कायदा ताठ उभा असावा लागतो. एकानें दुसऱ्याची जागा घेतां कामा नये.

आतां त्या मागील बांकावरील प्रश्नाचें उत्तर देतों. ज्याच्याजवळ पैसा आहे तो धूर सोडूं शकेल, हें खरें. पण तितकाच, जितका दुसऱ्या कोणीतरी सोडण्याचें खरोखर टाळलें आहे. हें उत्तर चार अटींवर उभें आहे: एकूण आंकडा खरा व वर्षागणिक उतरता असावा, प्रत्येक टन मोजला जावा, पहिलीं पत्रें फुकट न वांटतां विकावीं आणि तो पैसा लोकांकडे यावा, आणि ‘एरवीं’च्या गोष्टी सांगून बाहेरचीं क्रेडिटें आंत घुसूं नयेत. यांपैकीं एक जरी अट सुटली, तरी तिचा आक्षेप खरा आणि आमचें फळ्यावरचें गणित खोटें. डेल्स यांचें पुस्तक चांगलें आहे; परंतु त्यांतील बाजाराचीं पानें वाचून मर्यादेचें पान उलटणाऱ्या वाचकांनीं त्याचें जितकें नुकसान केलें, तितकें त्याच्या शत्रूंनींही केलें नाहीं. आमच्या भाषेंत ‘मर्यादा’ या शब्दाला परिमाणाचा अर्थ आहे तसा शीलाचाही आहे. पहिला अर्थ कायद्यानें पाळून घेतां येतो; तो पाळला गेला तरच दुसऱ्याचा विचार करण्यास पृथ्वीवर अवसर उरेल.